लागेल तेवढं मीठ

८ जून, रविवार

बँक दर नाताळात एक डायरी देते. आजवरच्या सगळ्या डायऱ्यांची पानं मी शेगडी पेटवायला वापरली. ही पण त्याच वाटेने गेली असती, पण आज जे झालं ते गावात कुणाला सांगण्याजोगं नाही आणि पोटात ठेवलं तर पचणारं नाही. माझी बायको आदाल्जीसा असती तर तिला सांगितलं असतं. तिला जाऊन चार वर्षं झाली, म्हणून कागदाला सांगतो.

उत्सव समितीची बैठक होती. पंधरा ऑगस्टच्या, मारियामातेच्या सणाचा विषय निघाला. चौकात मेंढीच्या मांसाच्या दोन हजार काड्या भाजायच्या. एकतीस वर्षं त्या मीच भाजतोय. लाम्बेर्तोने फोनवर एका यंत्राचं चित्र दाखवलं. म्हणे शंभर काड्या अडकवा, बटण दाबा, त्या आपोआप फिरतात. मी चित्र पाहिलं आणि फोनवर ऊन पडलंय म्हणून परत दिला. कुणीतरी म्हणालं की खोलीत ऊन नाही.

लाम्बेर्तो नळजोडणीची कामं करतो आणि समितीचा अध्यक्ष आहे. त्याच्या नामकरणाला त्याला हातावर मीच घेतलं होतं. आज तो मला म्हणाला, "काका, गेल्या वर्षी अर्ध्या काड्या एका बाजूने कच्च्या होत्या आणि दुसऱ्या बाजूने कोळसा."

कोळसा ओला होता, असं मी सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मागून कुणी पुटपुटलं. आवाजावरून तो पोस्टातला असावा.

शेवटी ठरलं ते असं: या वर्षी शेगडीवर मीच, पण हाताशी कुणीतरी माणूस हवं. आणि या वर्षी पुन्हा बिघडलं तर पुढच्या वर्षी यंत्र. मी मान्य केलं. अडुसष्ट दिवस आहेत.

११ जून

हाताशी कोण घ्यायचं याचा तीन दिवस विचार केला. ज्याला ज्याला घ्यावं त्याच्या तोंडात जीभ आहे. शेगडीजवळ उभा राहिलेला माणूस शेगडीवाल्याचे हात बघतो आणि संध्याकाळी कॉफीच्या दुकानात जाऊन बोलतो.

आज कुरणावर ब्लागोयकडे चीज आणायला गेलो. सात वर्षं तो आमच्या वरच्या कुरणांवर मेंढरं राखतोय. तिकडे, समुद्रापलीकडच्या मॅसेडोनियातला. ईस्टरच्या सुमाराला त्याची बायको आली, झोरित्सा. चाळिशीची असेल. तिला आमच्या भाषेतले तीन शब्द येतात: नमस्कार, धन्यवाद आणि पाव. इथे राहण्याच्या कागदांसाठी तिला सप्टेंबरात इटालियनची परीक्षा द्यायची आहे आणि वर कुरणावर शिकवायला आहेत फक्त मेंढ्या.

मी म्हटलं, मी शिकवतो. मोबदल्यात तिने शेगडीपाशी मला हात द्यावा. ब्लागोय इतका खूश झाला की त्याने चीजचा आख्खा गोळा दिला.

खरं तेच लिहितो. तिला बोलता येत नाही, म्हणून ती मला बरी वाटली.

१५ जून, रविवार

पहिला धडा. स्वयंपाकघरात बसलो. मी स्वतः पाचवीपर्यंत शिकलेला, पुढचं सगळं पंचांगं आणि वर्तमानपत्रं वाचून. रस्ता दुरुस्तीच्या खात्यात जन्म गेला. शिकवण्याची एक पद्धत मात्र मला आपोआप सुचली. मास्तराने गप्प बसायचं आणि विद्यार्थ्याने जे दिसेल ते बोलायचं. मास्तर बोलत राहिला तर विद्यार्थी मान डोलावतो, शिकत नाही.

कॉफी केली. तिला विचारलं, कप कुठे आहे, ते सांग. तिला कपाचा शब्द येईना. तिने माझा हात धरला आणि कपावर नेऊन ठेवला. डोंगरातली माणसं हाताने बोलतात. तरी मी शाब्बास म्हटलं. नंतर टेबल पुसावं लागलं. हे नवं कॉफीचं भांडं नीट धार धरत नाही.

१९ जून

देवळाच्या मनोऱ्याची उजवी कड वाकली आहे. मधोमध पोटात गेल्यासारखी दिसते. भूकंपाच्या आठवणी अजून ताज्या आहेत, असल्या गोष्टी अंगावर काढू नयेत. पंचायतीला पत्र लिहिलं. डायरीच्या रेघा फार फिक्या छापल्यात, त्यामुळे आता जाड पेनने लिहितो. बँका कशाकशात काटकसर करतील सांगता येत नाही.

२५ जून

आज अंगणात पहिल्यांदा कोळसा पेटवला. माझी शेगडी लोखंडी, पन्हळीसारखी लांब आणि अरुंद, काडीचं लाकूड बाहेर राहतं आणि मांस निखाऱ्यावर. झोरित्साला शब्द दिले. ज्वाळा. ज्वाळा बसली. राख आली. आस्पेत्ता, म्हणजे थांब. जीरा, म्हणजे फिरव. प्रोंतो, म्हणजे तयार.

तिला सांगितलं की मांसावर घामाचे थेंब आले की पहिल्यांदा फिरवायचं, आधी नाही. तिने घाम हा शब्द माझ्या कपाळाकडे बोट दाखवून पक्का केला.

मग मी पाठ वळवून उभा राहिलो आणि म्हटलं, आता सांग काय दिसतं. ती म्हणाली, "ज्वाळा. ज्वाळा. ज्वाळा लहान. राख थोडी." बराच वेळ गेल्यावर, "राख आली." मी वळलो आणि तळहात शेगडीवर धरला. बरोबर होतं.

ही पद्धत चांगली आहे. कुठल्याही शाळेने घ्यावी.

२ जुलै

वीस काड्या भाजल्या. ती बोलत होती आणि मी फिरवत होतो. "मांस घाम. जीरा, काका." काका म्हणायला तिला लाम्बेर्तोने शिकवलं असावं. तो काल कुंपणावरून बघत होता.

वीसांत एकही काडी कच्ची निघाली नाही. आदाल्जीसा असताना असंच व्हायचं. ती शेजारी उभी राहून मीठ टाकायची आणि बडबड करायची, ही झाली, ती अजून कच्ची आहे, ते टोक बघ, मी काही आंधळी नाही. तेव्हा मला वाटायचं ही बाई उगाच तोंड चालवते.

मिठावरून आज झोरित्साशी घोळ झाला. मीठ मांस उतरवल्यावरच घालायचं, आधी घातलं तर रस पळतो, हे तिला कळलं. पण किती घालायचं? मी म्हटलं, क्वांतो बास्ता. लागेल तेवढं. तिने वही पुढे केली आणि आकडा मागितला. चमचे? चिमट्या? मी म्हटलं, आमच्या पाकपुस्तकांत सुद्धा एवढंच लिहितात, लागेल तेवढं. तिने विचारलं, "किती लागेल, कोण सांगतो?"

ते जिभेला कळतं.

६ जुलै, रविवार

पंचायतीचा अभियंता आला. मनोऱ्यावरून ओळंबा सोडला आणि मनोरा सरळ आहे म्हणाला. मी त्याला म्हटलं, तुझा ओळंबा तपासून घे. शहाणा मुलगा आहे, हसला आणि गेला. मला वाटतं, मोजायला यांना फार घाई असते.

१३ जुलै

आज झोरित्साबरोबर तिचे दोन कुत्रे आले. पांढरे, अंगाने वासराएवढे, गळ्यात लांडग्यांसाठीचे खिळ्यांचे पट्टे. वाटेत ब्लागोयचे तीन मेंढे त्यांच्यामागून आले आणि माझ्या घेवड्यात शिरले. मी आरडाओरडा केला, त्याचा मेंढ्यांवर काही परिणाम नाही. झोरित्साने दोन बोटं तोंडात घातली. एक लांब शिट्टी, आणि कुत्र्यांनी मेंढे वळवले. दोन आखूड शिट्ट्या, आणि सगळा लवाजमा तिच्या पायाशी.

मी तिला बजावलं की हे कुरणावर ठीक, गावात माणसांशी शिट्टीने बोलत नाहीत. परीक्षेत शिट्टीला गुण नाहीत. ती म्हणाली, "शिट्टी दूर जाते, काका. शब्द जवळ पडतो."

वाक्य चांगलं होतं. मी क्रियापद सुधारलं नाही.

२० जुलै

लाम्बेर्तो अंगणात आला. म्हणाला, "काका, बाई बरी शिकतेय की. पण तुमची मान मांसाकडे का नसते?" मी म्हटलं, एकतीस वर्षांनी मांसाकडे बघावं लागत असेल तर मी शेगडी सोडून द्यावी. तो निघाला. जाताना झोरित्साशी फाटकापाशी बराच वेळ बोलत उभा होता. तिला आता दोनशेच्या वर शब्द येतात, ते मीच मोजले होते.

मी तिला ज्या कारणासाठी घेतलं ते कारणच रोज एकेक शब्दाने मी मोडत चाललोय. जेवढं चांगलं शिकवावं तेवढी ती मला जास्त उपयोगी, आणि तेवढी जास्त धोक्याची. फांदीवर बसून आपल्याच हाताने तीच फांदी तोडणारा कोणी असेल तर तो मी.

२१ जुलै

तिला सरळ विचारलं, लाम्बेर्तो काय विचारत होता? ती म्हणाली, "त्याने विचारलं, क्विरीनोकाका चांगले शिकवतात? मी सांगितलं, हो, चांगले." आणि? "आणि विचारलं, काकांचे डोळे चांगले?" मग ती थांबली, शब्द शोधत होती असं वाटलं. "मी सांगितलं, मला शब्द कळत नाही."

डोळ्यांचा शब्द तिला मी जूनमध्येच दिला होता, माशाच्या धड्यात. विसरली असेल. बरंच झालं.

२८ जुलै

तीस काड्या. मध्येच ती कुत्र्यांवर शिट्टी वाजवून ओरडली, ते कोंबडीच्या मागे लागले होते. एक लांब शिट्टी. आणि माझ्या हाताने काड्या फिरवल्या. झोरित्सा पोट धरून हसली. मी हसलो नाही. काड्या मात्र फिरवायलाच आल्या होत्या, हे नोंदवून ठेवतो.

३ ऑगस्ट, रविवार

वर्तमानपत्र बंद केलं. बातम्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत. दाढी करताना हनुवटीवर तीन ठिकाणी कापलं. देवळात एकाला नाव घेऊन हाक मारली, तो त्याचा भाऊ निघाला. तो भाऊ गावात आल्याचं कुणी मला सांगितलंच नव्हतं.

१० ऑगस्ट

पाच दिवस उरले. आज कागदाशी खोटं बोलायचा कंटाळा आला.

मला मधलं दिसत नाही. कडा दिसतात. माणसाचे खांदे दिसतात, तोंड नाही. काडीची टोकं दिसतात, मांस नाही. जिथे बघावं तिथेच एक राखेचा ठिपका बसलेला असतो, आणि जिथे बघायचं नाही तिथलं सगळं स्वच्छ. दोन वर्षं झाली. डॉक्टरांकडे गेलो तर ते त्याला नाव देतील, आणि नाव मिळालं की ते गावभर होईल. आंधळ्याला कुणी आगीपाशी उभं करत नाही, मीसुद्धा करणार नाही.

शेगडी गेली तर काय जाईल, याचा विचार केला. बायको गेली, नोकरी संपली, मुलगा दूर तोरिनो शहरात. वर्षातून एक दिवस गाव माझ्या हातचं खातं. बाकी तीनशे चौसष्ट दिवस मी त्या एका दिवसाचाच माणूस असतो.

झोरित्साला यातलं काही कळलेलं नाही, ही देवाची कृपा.

१४ ऑगस्ट

दोन हजार काड्या थंड खोलीत मोजून ठेवल्या. कोळसा कोरडा आहे, मी हाताने तपासला. झोरित्साला शेवटचा धडा: उद्या माझ्या डाव्या कोपराशी उभं राहायचं आणि हळू बोलायचं, लोकांना ऐकू जाईल असं नाही. घाम. जीरा. टोक. प्रोंतो. तिने सगळं न चुकता म्हणून दाखवलं. मी म्हटलं, परीक्षेत अशीच बोललीस तर पहिली येशील. ती म्हणाली, "परीक्षेत मांस नसेल, काका."

१५ ऑगस्ट, मारियामातेचा सण

हे दुपारनंतर लिहितोय, अक्षर मोठं येईल.

आमच्याकडे मिरवणूक चौकात आली की मूर्ती शेगडीसमोर थांबते. पहिल्या मूठभर काड्या मूर्ती खांद्यावर घेतलेल्या आठ जणांना द्यायची. ते उभ्याउभ्याच खातात, आणि त्यांचं खाऊन होईपर्यंत बँड जीव तोडून वाजतो. मगच मूर्ती देवळात जाते. हे सगळं एकतीस वर्षं माझ्यासमोर झालंय. बँड शेगडीपासून चार पावलांवर असतो. मी त्याचा कधी विचारच केला नव्हता, कारण मला कानांची गरज नव्हती.

निखारे सुंदर पडले होते. झोरित्साने "राख आली" म्हटलं आणि मी पहिल्या पन्नास काड्या मांडल्या. त्याच वेळी मूर्ती चौकात वळली आणि बँडने सुरुवात केली.

तिचे ओठ हलत असतील. मला काही ऐकू आलं नाही. डाव्या कोपराशी कुणीतरी आहे एवढंच कळत होतं. नाकाने अंदाज घ्यावा म्हटलं तर आठ हात शेगडीचा धूर तोंडावर होता. मूर्तीवाले समोर उभे. लाम्बेर्तो त्यांत पुढचा डावा खांदा, हे मला त्याच्या उभं राहण्यावरून कळलं. मी हात काड्यांवर ठेवले आणि थांबलो. किती वेळ, सांगता येत नाही. मला फक्त एवढं आठवतं की मी यंत्राचा विचार करत होतो. त्याला बँडचा त्रास होत नसणार.

आणि तुताऱ्यांच्या वरून एक लांब शिट्टी गेली.

माझ्या हातांनी मला विचारलं नाही. त्यांनी मूठ मूठ करून आख्खी रांग फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मागे गर्दीत आरडाओरड झाली, कारण खालच्या गल्लीत बांधलेले झोरित्साचे दोन्ही कुत्रे दोर तोडून चौकात घुसले होते. शिट्टी वळवण्याची होती म्हणून ते वळले, ते थेट ढोलवाल्याकडे. ढोल थांबला, बाकीचा बँड चालूच. एक कुत्रा मूर्तीच्या खालून आरपार गेला. आठही जण हलले नाहीत, त्यांचं कौतुक केलं पाहिजे.

मग पुन्हा लांब शिट्टी. दुसरी बाजू. मग दोन आखूड. मी काड्या उचलल्या, आणि त्याच क्षणी कुत्रे येऊन तिच्या पायाशी बसले.

मीठ तिनेच टाकलं. मूर्तीवाल्यांनी खाल्लं. लाम्बेर्तोने तोंड पुसलं आणि बँडच्या आवाजात माझ्या कानाशी वाकून विचारलं, "काका, शिट्टी कुत्र्यांसाठी होती की तुमच्यासाठी?"

मी म्हटलं, "ज्याला कळली त्याच्यासाठी."

उरलेल्या एकोणीसशे पन्नास काड्या शिट्टीवरच भाजल्या. बँड गेल्यावरही ती शिट्टीच वाजवत राहिली आणि मीही तिला बोल म्हटलं नाही. सगळं गाव बघत होतं. एकही काडी परत आली नाही.

१६ ऑगस्ट

लाम्बेर्तो आला. टोपी हातात घेऊन बसला, म्हणजे काहीतरी अवघड बोलायचं होतं. त्याने विचारलं, "डोळे कधीपासून?" मी म्हटलं, या वर्षी कोळसा कोरडा होता. तो म्हणाला, "गेल्या वर्षीचा पण कोरडाच होता काका. मीच आणला होता. कच्ची काडी पण मीच खाल्ली आणि तेव्हा गप्प बसलो. पण यंत्राचं बोललो नसतो तर तुम्ही कुणाला हाताशी घेतलंच नसतं."

त्याला वाईन दिली. त्याने ग्लास स्वतः भरून घेतला.

२५ ऑगस्ट

लाम्बेर्तोने गाडीतून तेरामोच्या इस्पितळात नेलं. डॉक्टरीण तरुण आहे. तिने मला चौकटींचा कागद दाखवला आणि विचारलं, रेघा सरळ आहेत का? मी म्हटलं, मधोमध पोटात गेल्यात, आमच्या मनोऱ्यासारख्या. आणि बोलता बोलताच मला कळलं.

मधलं गेलेलं परत येत नाही. कडा राहतील. परतताना लाम्बेर्तोला सांगितलं की त्या अभियंत्याची माझ्या वतीने माफी माग. त्याचा ओळंबा बरोबर होता.

आता रेघ कुठे आहे ते दिसत नाही. यापुढचं लिहायचं असेल तर दुसऱ्याचा हात लागेल.

१४ सप्टेंबर, रविवार

हे झोरित्सा लिहिते आहे, मी सांगतोय. चुका असतील तर तिच्या, आणि तिला मी शिकवलंय म्हणून त्याही माझ्याच.

झोरित्सा परीक्षेत पास झाली. तोंडी परीक्षेत तिला विचारलं, तुम्ही आजारी पडलात, डॉक्टरांना काय सांगाल? तिने सांगितलं की आत निखारे आहेत, वर राख आली नाही, दोन्ही बाजूंनी तापते, आणि घाम सुटला की बरं वाटेल. परीक्षक बाईंनी विचारलं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? हिने सांगितलं, रस्ता खात्यातल्या मास्तरांनी. काठावर पास आहे, पण पास आहे. हे लिहिताना ती हसते आहे, तेही लिही म्हटलं.

समितीने ठरवलं. यंत्र येणार नाही. पुढच्या वर्षी शेगडीवर झोरित्सा उभी राहील. मी मिठाला. मीठ हाताने टाकायचं, त्याला डोळे लागत नाहीत. आदाल्जीसाची जागा आहे ती. तिच्या उभ्या राहण्याच्या जागी मी आजवर कधी उभा राहिलो नव्हतो. लाम्बेर्तोने विचारलं, काका, वाईट वाटलं का? मी म्हटलं, नाही. इथे तसंच लिही, झोरित्सा: वाईट वाटलं नाही.

आज अंगणात चाळीस काड्या भाजल्या, रंगीत तालीम म्हणून. ती, मी, ब्लागोय. तिने भाजल्या, मी मीठ टाकलं. ती आता माझ्यापेक्षा थोडं आधी फिरवते. बोललो नाही, शिकेल. एवढंच.

काका खुर्चीत झोपले. याच्या पुढचं त्यांनी सांगितलं नाही. मी लिहिते. त्यांना वाचता येणार नाही, म्हणून लिहिते.

पहिल्या दिवशी काकांनी कॉफी कपाबाहेर ओतली. मला म्हणाले, कप कुठे आहे ते सांग. मला शब्द येत नव्हता, म्हणून मी त्यांचा हात कपावर ठेवला. तेव्हाच मला कळलं. डोळे हा शब्दही मला तेव्हा लवकर आला. लाम्बेर्तोला मी तो सांगितला नाही.

वाईट वाटलं नाही, असं त्यांनी लिहायला सांगितलं. मी लिहिलं.

आज मीठ जास्त झालं. खूप जास्त. ब्लागोयने एक काडी खाल्ली आणि तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. काकांनी विचारलं, मीठ कसं आहे?

मला आता खारट हा शब्द येतो. जास्त येतो. पुढच्या वेळी कमी, हेही येतं.

मी म्हटलं, "लागेल तेवढं आहे, काका."